दाबाखालचं शून्य कुणाचं? सेरियम-ऱ्होडियम-इंडियमवरचा पहिला प्रयोग

दाबपात्राच्या पोटात टेफ्लॉनची एक कुपी असते, करंगळीच्या पेराएवढी. पहिल्यांदा ती भरली तेव्हा मी वहीत लिहिलं होतं: आत तीन वस्तू, नमुना, दाब मोजायला शिशाचा तुकडा आणि मँगॅनिन या मिश्रधातूची तार. प्रत्यक्षात चार होत्या. चौथा होता स्फटिकाच्या भेगेत लपलेला इंडियमचा कण. सव्वा गीगापास्कलच्या आसपास, ३ केल्विनच्या जरा खाली रोध धाडकन उतरला. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. तीन दिवसांनी कळलं की अतिसंवाहक झाला होता तो कण, नमुना बिचारा जिथल्या तिथे.

दाब देऊन सेरियम-ऱ्होडियम-इंडियमला अतिसंवाहक करायचं, म्हणजे त्याचा विद्युत रोध शून्यावर आणायचा, असा हा प्रयोग. दाब कसा द्यायचा ते पुढे येईलच. पण माझा खरा भर आहे तो दिसलेलं शून्य कुणाचं हे ठरवण्यावर. एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चं पहिलं वर्ष डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. चार टोकांनी रोध मोजणं आणि द्रव हेलियम हाताळणं ऐकून माहीत आहे असं धरतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

सेरियमच्या किंवा युरेनियमच्या काही संयुगांत, खूप थंड केल्यावर, इलेक्ट्रॉन असे वागतात की जणू त्यांचं वस्तुमान शेकडो पटींनी वाढलंय. म्हणून नाव हेवी फर्मिऑन. याच्या मुळाशी दोन प्रवृत्तींची ओढाताण आहे. सेरियमच्या प्रत्येक अणूतला ४एफ कक्षेतला इलेक्ट्रॉन म्हणजे एक छोटा चुंबक. भोवतीचे वाहक इलेक्ट्रॉन त्या चुंबकाला वेढून निष्प्रभ करू पाहतात, हा कोंडो परिणाम. तेच वाहक इलेक्ट्रॉन एका चुंबकाचा निरोप दुसऱ्याला पोचवतात आणि मग सगळे मिळून आलटून-पालटून दिशा धरतात, म्हणजे अँटिफेरोमॅग्नेटिक क्रम लागतो. दोन्ही गोष्टी एकाच जोडणीवर अवलंबून असतात, पण सारख्या वेगाने वाढत नाहीत. जोडणी कमजोर असेल तर क्रम जिंकतो, बळकट झाली की कोंडो जिंकतो. डोनियाक या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली हे चित्र मांडलं आणि आजही या विषयातला माणूस फळ्यावर पहिल्यांदा तेच काढतो.

दाब दिला की अणू जवळ येतात आणि सेरियमच्या बाबतीत जोडणी वाढते. (यटर्बियमच्या संयुगांत उलटं होतं, तिथे दाबाने चुंबकत्व बळावतं.) रासायनिक भेसळ करूनही जोडणी बदलता येते, पण भेसळीबरोबर अव्यवस्था येते, आणि हे अतिसंवाहक तिला फार नाजूक असतात. दाबाने स्फटिक मळत नाही.

चुंबकत्व हा अतिसंवाहकतेचा शत्रू, असं मानायची पद्धत होती. १९७९ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला फ्रँक श्टेग्लिश आणि सहकाऱ्यांना सेरियम-तांबं-सिलिकॉनच्या संयुगात अर्ध्या केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सापडली आणि त्या समजुतीला तडा गेला. १९९२ मध्ये जिनिव्हात तिच्या जर्मेनियमवाल्या भावंडात ती दिसली, पण सात गीगापास्कलच्या वर. १९९८ मध्ये केंब्रिजच्या गटाने सेरियम-पॅलेडियम-सिलिकॉन आणि सेरियम-इंडियम या दोन पदार्थांत दाखवलं की चुंबकीय क्रम जिथे दाबाखाली मरतो, नेमक्या त्याच कोपऱ्यात अतिसंवाहकता उगवते. मग २००० साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतून आपला नायक, सेरियम-ऱ्होडियम-इंडियम, आला.

पदार्थ कोणता घ्यावा

नवख्याने सेरियम-ऱ्होडियम-इंडियमच घ्यावा, एकास एक आणि इंडियमचे पाच अणू. प्रयोगशाळेत त्याला सरळ ‘वन-वन-फाइव्ह’ म्हणतात, कारण कोबाल्ट आणि इरिडियमची भावंडंही त्याच साच्यातली आहेत. कारणं व्यवहारी आहेत. केंब्रिजच्या त्या दोन पदार्थांत अतिसंवाहकता अनुक्रमे ०.४ आणि ०.२ केल्विनच्या आसपास येते, म्हणजे हेलियम-३ किंवा डायल्यूशन रेफ्रिजरेटर, अशी जास्त थंड करणारी महागडी यंत्रणा हवी. आपल्या पदार्थाचं शिखर २.२ ते २.३ केल्विन, तेही साधारण अडीच गीगापास्कलच्या आत. साध्या हेलियमवर पंप लावून १.३ केल्विन गाठलं की काम भागतं, आणि अडीच गीगापास्कल पिस्टनच्या पात्रात मिळतात, हिऱ्याच्या ऐरणीची (दोन हिऱ्यांच्या टोकांत नमुना दाबणाऱ्या उपकरणाची) गरज नाही.

अडीच गीगापास्कल म्हणजे किती? वातावरणाच्या दाबाच्या पंचवीस हजार पट. महासागराच्या सर्वांत खोल गर्तेतल्या दाबाच्याही वीसपटीवर. जुन्या शोधनिबंधांत किलोबार असतात, दहा किलोबारचा एक गीगापास्कल करून वाचा.

स्फटिक वाढवणं, आणि इंडियमचा जाच

हे स्फटिक इंडियमच्याच रसात वाढतात. सेरियम एक भाग, ऱ्होडियम एक भाग, इंडियम वीस भाग, सगळं ॲल्युमिनाच्या मुशीत. सेरियम हवेत पटकन गंजतो, तेव्हा तो आर्गॉन भरलेल्या ग्लव्हबॉक्समध्ये तोला. मुशीच्या तोंडावर क्वार्ट्झ लोकर बसवा, ती पुढे गाळणीचं काम करेल. मूस क्वार्ट्झच्या नळीत घालून, हवा काढून, नळी सीलबंद करा. भट्टीत ११०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन काही तास ठेवा आणि मग तासाला काही अंश या सावकाश गतीने ६०० ते ७०० अंशांपर्यंत उतरवा. याला काही दिवस लागतात. शेवटी गरम नळी चिमट्याने उचलून, उलटी करून, सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवायची. जादा रस गाळणीतून पलीकडे जातो, स्फटिक अलीकडे राहतात. हे दोघांनी मिळून करायचं काम आहे आणि आधी गार नळीवर तालीम करायची. चेहऱ्यावर ढाल, हातात जाड मोजे.

आता मुद्द्याचं. रस कधीच पूर्ण गळत नाही. पृष्ठभागावरचं इंडियम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतं, पण थरांच्या मधे अडकलेलं तिथेच राहतं. म्हणून मोठ्या स्फटिकाच्या कडेचा भाग टाकून द्या, मधला घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही बाजू बघा, आणि दाब द्यायच्या आधी साध्या दाबाला एकदा रोध मोजा. हा एक दिवस वाचवायच्या मोहात पुढचा महिना जातो.

त्या मोजणीत काय बघायचं? ३.८ केल्विनला वक्राला स्पष्ट मोड हवा, तो अँटिफेरोमॅग्नेटिक क्रमाचा. १० केल्विनला मोड दिसला तर आत सेरियम-इंडियम मिसळलंय, एकास तीनवालं. २.८ केल्विनला दिसला तर दुसरं भावंड घुसलंय, ज्यात सेरियमचे दोन आणि इंडियमचे आठ अणू असतात. त्याच्यावर विशेष डोळा ठेवा, कारण दाबाखाली तेही २ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतं. आणि ३.४ केल्विनला रोध एकदम खाली आला तर तो आपला जुना मित्र, मोकळं इंडियम. तुकडा बदला. ‘थोडंसंच आहे, चालेल’ असं मनाला समजावू नका, ते चालत नाही.

दाबपात्र

पात्र दोन थरांचं असतं: बाहेर बेरिलियम-तांबं, आत निकेल-क्रोमियम-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. नुसत्या बेरिलियम-तांब्याच्या पात्रात दीड-दोन गीगापास्कलच्या पुढे जाणं जोखमीचं, दुहेरी पात्र अडीच-तीनपर्यंत नेता येतं. पिस्टन टंगस्टन कार्बाइडचा. भोकाचा व्यास ५ मिलिमीटर धरा आणि एकदा हिशेब करूनच बघा: क्षेत्रफळ १९.६ चौरस मिलिमीटर, दाब अडीच गीगापास्कल, म्हणजे पिस्टनवर ४९ किलोन्यूटन, पाच टनांचं ओझं. बोटाएवढ्या पिस्टनवर भरलेला छोटा ट्रक उभा आहे हे डोक्यात राहिलं की माणूस आपोआप प्रेससमोर जाड पॉलिकार्बोनेटची ढाल लावतो आणि पिस्टनच्या रेषेत तोंड नेत नाही. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते. पात्र घासायचं-कापायचं असेल तर वर्कशॉपला आधी सांगा, स्वतः कानस चालवू नका.

पात्र अर्धा-पाऊण किलोचं आणि नमुना मिलिग्रॅमचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं. त्याचा त्रास पुढे थंड करताना होतो.

तारा: घोडं इथेच पेंड खातं

दाबाचे दहा प्रयोग फसले तर बहुतेक तारांमुळे फसतात. बंद कुपीतून बारा-सोळा बारीक तारा बाहेर आणायच्या आणि त्यांच्या फटीतून एक थेंबही निसटू द्यायचा नाही. बुडाच्या डाटाला बारीक भोक असतं. त्यातून इनॅमलच्या तांब्याच्या तारा ओवून उरलेली जागा स्टायकास्ट या काळ्या इपॉक्सीने भरतात. इपॉक्सी कालवल्यावर ती निर्वात भांड्यात ठेवून बुडबुडे काढा. राहिलेला एक बुडबुडा म्हणजे दीड गीगापास्कलला हमखास तुटलेल्या तीन तारा. पूर्ण कडक व्हायला सांगितलेला वेळ द्या, घाई असेल त्या दिवशी तर नक्कीच.

नमुना साधारण १ मिलिमीटर लांब, ०.३ रुंद आणि ०.०५ जाड घासून घ्या. त्यावर २५ मायक्रॉनच्या सोन्याच्या चार तारा, स्पॉट वेल्डिंगने किंवा चांदीच्या पेस्टने. कुपीच्या आत शिशाचं सोल्डर शक्यतो वापरू नकाच. तेही ७ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतं आणि एका अनोळखी पाहुण्याची भर पडते.

रोध किती असेल याचा अंदाज आधी बांधा. रोधकता खोलीच्या तापमानाला ४० मायक्रोओम-सेंटिमीटर धरली आणि मधल्या दोन टोकांत अर्धा मिलिमीटर अंतर असलं, तर रोध १३ मिलिओहम. थंडीत रोधकता १ मायक्रोओम-सेंटिमीटरपर्यंत उतरली तर उरतो जेमतेम ०.३३ मिलिओहम. १०० मायक्रोॲम्पिअर सोडले तर हाती ३३ नॅनोव्होल्ट येतात. म्हणून लॉक-इन ॲम्प्लिफायर (ठरलेल्या वारंवारतेचाच संकेत उचलणारं यंत्र), त्याच्याआधी कमी गोंगाटाचा ट्रान्सफॉर्मर, आणि वारंवारता ३७ हर्ट्झसारखी, आपल्या भिंतीतल्या ५० हर्ट्झशी नातं नसलेली.

नमुन्याशेजारी शिशाचा तुकडा, त्यालाही चार तारा. तो आपला दाबमापक. खोलीच्या तापमानाला चढता दाब कळावा म्हणून मँगॅनिनची तार, तिचा रोध दर गीगापास्कलला सुमारे अडीच टक्के वाढतो. तिचं माप पक्कं करायला एकदा बिस्मथ घालून बघतात, कारण खोलीच्या तापमानाला २.५५ गीगापास्कलला त्याचा रोध उडी मारतो. (ज्या बिस्मथला इथे आपण तराजूतलं वजन म्हणून वापरतो, तोच साध्या दाबाला ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिसंवाहक होतो, हे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने २०१६ च्या अखेरीस दाखवलं. हेवी फर्मिऑनवाल्याला असे तपशील सुखावतात.)

कुपी भरायला द्रव कोणता? डॅफ्ने ७३७३ हे तेल सगळीकडे चालतं, पण खोलीच्या तापमानाला ते २.२ गीगापास्कलला गोठतं, आणि गोठल्यावर दाबलं की दाब सगळ्या बाजूंनी सारखा राहत नाही. त्याचा धाकटा भाऊ डॅफ्ने ७४७४ सुमारे ३.७ पर्यंत द्रव राहतो. आपली गंमत २.३ च्या आसपास घडते, तेव्हा मिळत असेल तर ७४७४ घ्या. कुपी भरताना हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, टोपण बसवल्यावर प्रत्येक तार मोजा आणि कुपीच्या तोंडाशी तांब्याची बारीक कडी विसरू नका, नाहीतर टेफ्लॉन फटीतून लोण्यासारखं बाहेर येतं.

दाब चढवणं

प्रेसवर भार वाढवा, मँगॅनिन बघा, हव्या आकड्याला आलात की कुलूप-नट घट्ट करा आणि प्रेस सोडा. नट आवळल्यावर दाब थोडा पडतो, थंड केल्यावर आणखी दोनेक दशांश गीगापास्कल पडतो. म्हणजे खोलीत २.० वाचलात तर खाली १.८ च्या आसपास मिळेल. शेवटचा शब्द नेहमी शिशाचा.

दाब एकाच दिशेने, चढता. वर-खाली केलात तर तारा आधी जातात. माझ्या मते पायऱ्या अशा: ०.५, १.०, १.४, १.७, १.९, २.१, २.३, २.५. सुरुवातीला मोठ्या उड्या चालतात, कारण तिथे फारसं घडत नाही. १.५ नंतर कंजूस व्हा.

थंड करणं आणि मोजणं

मोती जड असल्याचा त्रास आता सुरू होतो. एवढा धातू सावकाश थंड होतो आणि बाहेरचा थर्मामीटर आतल्या नमुन्याच्या पुढे धावतो. थर्मामीटर पात्राच्या अंगाला घट्ट बसवा, मिनिटाला ०.०५ केल्विनपेक्षा वेगाने जाऊ नका, आणि प्रत्येक वक्र उतरताना व चढताना दोन्ही वेळा घ्या. दोन्ही जुळले नाहीत तर आणखी सावकाश जा. मग विद्युतप्रवाह अर्धा करून पुन्हा मोजा. संक्रमणाचं तापमान हललं, तर तुमचा प्रवाहच नमुना तापवत होता.

इथे एक सापळा आहे जो कुणी आधी सांगत नाही. पात्र थेट द्रव हेलियमच्या पंप केलेल्या टाकीत असेल, तर २.१७ केल्विनला हेलियम स्वतःच अतिप्रवाही होतं. उकळणं एका क्षणात थांबतं, उष्णता वाहून नेण्याची त्याची ताकद अचानक वाढते आणि तुमच्या वक्रात बारीकशी पायरी उमटू शकते. आपल्या पदार्थाचं शिखर २.२-२.३. नेमका हाच पट्टा! तिथे दिसलेली कुठलीही खूण शिशाच्या आणि मँगॅनिनच्या वक्रातही त्याच तापमानाला दिसते का, ते बघा. दिसली तर ती हेलियमची.

दाब काढायची रीत: शिसं साध्या दाबाला ७.२ केल्विनला अतिसंवाहक होतं आणि दर गीगापास्कलला साधारण ०.३७ केल्विनने उतरतं. म्हणजे २.३ गीगापास्कलला ते ६.४ च्या थोडं खाली-वर दिसावं. संक्रमणाची रुंदीही टिपा. २० मिलिकेल्विन रुंदी म्हणजे कुपीत सुमारे ०.०५ गीगापास्कलची तफावत.

आणि चुंबक. अतिसंवाहक चुंबकात आदल्या प्रयोगाचं दोन मिलिटेस्ला क्षेत्र अडकून राहिलं असेल, तर शिशाचं संक्रमण सुमारे ०.०९ केल्विन खाली सरकतं. त्याचा दाब केला तर पाव गीगापास्कलची चूक! दाब मोजण्याआधी क्षेत्र उलटसुलट करत, दर वेळी कमी करत, शून्यावर आणा.

शून्य कुणाचं?

समजा १.७ गीगापास्कलला रोध २ केल्विनच्या आसपास शून्य झाला. आता संशयितांची ओळख परेड.

पहिली चाचणी चुंबकीय क्षेत्राची, आणि तीच सर्वांत स्वस्त. इंडियमची अतिसंवाहकता जास्तीत जास्त ०.०२८ टेस्लापर्यंत टिकते, शिशाची ०.०८ पर्यंत. ०.१ टेस्ला लावा. दोघेही गारद. हेवी फर्मिऑनचे इलेक्ट्रॉन जड, म्हणून त्यांची अतिसंवाहकता मोडायला कित्येक टेस्ला लागतात. ०.१ ने तिचं संक्रमण फार तर काही शतांश केल्विन सरकेल. घसरण जागची हलली नाही तर इंडियम सुटलं. मात्र दोन-आठवालं भावंड या चाचणीत सुटत नाही, तेही हेवी फर्मिऑनच आहे. त्याला साध्या दाबाच्या वक्रातच पकडायचं होतं.

दुसरी चाचणी दाबाची. इंडियमचं संक्रमण दाबाने खाली जातं, दर गीगापास्कलला सुमारे ०.४ केल्विन. आपल्या पदार्थाचं आधी वर जातं. दोन पायऱ्यांचे वक्र शेजारी ठेवले की दिशाच सांगते.

तिसरी चाचणी आकारमानाची, आणि इथे बरेच जण थांबतात तिथे थांबू नये. रोध शून्य व्हायला नमुन्यातून एक अखंड वाट पुरते, केसाएवढी असली तरी. बाकीचा नमुना साधा राहू शकतो. या पदार्थात हे पुस्तकी भय नाही: क्रम आणि अतिसंवाहकता एकत्र नांदतात त्या पट्ट्यात, रोध ज्या तापमानाला शून्य होतो ते विशिष्ट उष्म्यावरून मिळणाऱ्या तापमानाच्या वर असतं आणि संक्रमण पसरट असतं. म्हणून कुपीत एक छोटी गुंडाळी ठेवा, बारीक तांब्याच्या तारेची (अतिसंवाहक भाग चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, त्याने तिचा संकेत बदलतो), आणि तिच्यात नमुना व जवळपास तेवढाच शिशाचा तुकडा दोन्ही बसवा. शिसं अतिसंवाहक झाल्यावर संकेत जेवढा बदलतो, तेवढा म्हणजे पूर्ण शंभर टक्के. नमुन्याची पायरी त्याच्याशी ताडून बघा. पंचमांशच असेल तर शोधनिबंध लिहायची घाई नको.

नकाशा भरताना

आडव्या अक्षावर दाब, उभ्यावर तापमान. क्रमाचं तापमान रोधाच्या तापमानाशी असलेल्या उतारावरून काढा, डोळ्याने नको. ते ३.८ पासून सुरू होऊन आधी जवळपास सपाट राहतं आणि मग उतरतं. अतिसंवाहकतेची रेषा खालून वर येते. दोन्ही २ गीगापास्कलच्या अलीकडे-पलीकडे भेटतात आणि त्यापुढे, क्षेत्र नसताना, चुंबकीय क्रमाची खूण सापडत नाही. गंमत अशी की क्षेत्र लावलं की २.३ च्या आसपासपर्यंत तो क्रम अतिसंवाहकतेच्या आतून पुन्हा डोकं वर काढतो. जपानी गटाने २००५ मध्ये याच दाबाजवळ फर्मी पृष्ठभाग (इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या अवस्थांची सीमा) एकदम बदलताना पाहिला. ४एफ इलेक्ट्रॉन तिथून पुढे वाहकांच्या मेळ्यात सामील होतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

संक्रमणाच्या वरच्या भागात रोध तापमानाच्या कितव्या घाताने वाढतो तेही काढा. जड इलेक्ट्रॉनांच्या साध्या ‘फर्मी द्रवात’ तो दोन असतो, क्रम मरतो तिथे दोनाहून कमी. सेरियम-पॅलेडियम-सिलिकॉनमध्ये १.२ मिळाला होता. हा घात ठरवताना तापमानाचा पट्टा बदलून बघा. पट्टा बदलल्यावर घात बदलत असेल तर दुसऱ्या दशांशापर्यंत छापू नका.

हे सगळं आपल्याकडे कुठे करायचं, असा प्रश्न येतोच. मुंबईत टाटा संस्थेत सेरियमच्या संयुगांचे एकस्फटिक अनेक वर्षांपासून वाढवले जातात. इंदूरला यूजीसी-डीएई या वैज्ञानिक संशोधन संघटनेत विद्यापीठातल्या संशोधकांना प्रस्ताव पाठवून अतिशीत तापमानाची उपकरणं वापरता येतात. प्रस्तावात साध्या दाबाचा वक्र जोडा, ३.८ चा मोड दिसणारा. त्या एका आकृतीने निम्मे प्रश्न मिटतात.

शेवटची पायरी झाली की दाब सावकाश सोडा आणि त्याच तारांवर, त्याच पात्रात, साध्या दाबाला एकदा पुन्हा मोजा. मोड ३.८ ला परत आला पाहिजे. मग कुपी उघडून सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या दोन टोकांतलं अंतर नव्याने मोजा, चांदीचा ठिपका सरकलेला असतो. नमुना फेकू नका. तारीख, गाठलेला सर्वांत मोठा दाब आणि वापरलेलं तेल लिहून डबीत ठेवा. कुणी परीक्षक ‘इंडियम तर नव्हतं ना?’ असं विचारतोच, तेव्हा तोच तुकडा फोडून आत बघावा लागतो.